वतीने खाल्लेला रोट

अभिमन राज्यपालपदावरून उतरला तेव्हा धुरपदाबाईंना वाटलं होतं, चला, आता तरी माणसांत येईल. कसलं काय! सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. पूर्वेकडच्या कुठल्याशा डोंगराळ राज्यात, ज्याचं नाव धुरपदाबाईंच्या जिभेवर कधी बसलंच नाही, तो वर्ष-दीड वर्ष राज्यपाल होता. तिथून धुळ्याला परतला तो एकटा नाही परतला. सरकारी गाडी, गाडीला ड्रायव्हर, चुलीला आचारी, फाटकाला बंदूकवाला पोलीस, पत्रं लिहायला कारकून आणि पुढेमागे करायला एक शिपाई, असं अख्खं वऱ्हाड सरकारच्या खर्चाने मागे घेऊन आला. देवपुरातल्या बंगल्याला रंगही सरकारनेच दिला. बायको कोकिळा तेवढी पदरची होती.

धुरपदाबाई त्याच्या थोरल्या भावाची बायको. लग्न होऊन साक्रीकडच्या खेड्यात आल्या तेव्हा अभिमन आईवेगळं पोर होतं, नाक वाहतंय नि चड्डी गळतेय. त्याला न्हाऊमाखू घालून त्यांनीच वाढवलं. थोरल्या भावाने, पितांबर आबांनी, त्याला खांद्यावर घेऊन कान नदीच्या पाण्यातून शाळेत पोचवलं. त्या नाकाला आता रुमालसुद्धा शिपाई देतो, हे ऐकलं तेव्हा धुरपदाबाई हसल्या होत्या. पुढे पुढे हसू येईनासं झालं.

घरात दर श्रावणात खानदेशची देवी कानबाई बसते. तिच्या रोटांसाठी, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांसाठी, कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे, पाळण्यातल्या पोराच्याही नावाने. ते रोट भाऊबंदांनीच खायचे, पौर्णिमेच्या आत संपवायचे, कुळाबाहेर तुकडा जाऊ द्यायचा नाही. नांदायला गेलेल्या लेकीलासुद्धा तो मिळत नाही. देवी विसर्जन करून आलं की थोरल्याने पहिला रोट मोडून धाकट्या भावाच्या हातावर ठेवायचा आणि मग पंगत जेवायची, ही या घरची रीत.

अभिमन कित्येक वर्षांत रोटाला फिरकला नव्हता. तरी त्याच्या नावाची सव्वा मूठ चुकली नाही. त्याचा वाटा आबा स्वतः खायचे आणि म्हणायचे, कामात असेल. पण गेल्या हिवाळ्यात आबांना झटका आला. उजवी बाजू गेली, डोळ्यांना आधीच कमी दिसायचं ते आता सावल्यांवर आलं. श्रावण लागला तसं त्यांनी एकच धरून ठेवलं, अभिमनचा वाटा त्याच्याच हातावर द्यायचा.

"यंदा त्याना वाटा त्यानाच हातमा दिसू," ते जड जिभेने म्हणायचे. "मंगच मी खासू."

पुढचा श्रावण आबा बघतील की नाही, हे धुरपदाबाईंना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी लेकाला, नवलला बरोबर घेतलं आणि एसटीने धुळं गाठलं.

फाटकावरच्या पोलिसाने विचारलं, "कोण आपण? साहेबांची वेळ घेतली आहे का?"

"तुना साहेबना शेंबूड काढेल शे मी," धुरपदाबाई म्हणाल्या. "माले येळ कसानी मांगस?"

आत अभिमन सोफ्यावर बसला होता. अंग सुटलेलं, केस काळेभोर रंगवलेले. "या वहिनी," म्हणाला, पण उठला नाही. चष्मा समोरच्या टेबलावर, हाताच्या अंतरावर पडला होता. त्याने घंटी वाजवली. आतून योगराज आला. हा तो शिपाई, रावेरकडच्या केळीच्या मुलखातला, चाळिशी ओलांडलेला, सरकारी पगारावर साहेबांइतकंच पोट सुटलेला. त्याने चष्मा उचलून साहेबांच्या हातात दिला आणि परत गेला.

"तुना हात दुखस का?" धुरपदाबाईंनी विचारलं.

"तसं नाही वहिनी. सरकार म्हणतंय, माजी लोकांना एवढी माणसं कशाला? फेरविचार चाललाय. योगराजकडून काम घेतलं नाही तर उद्या त्याला काढून घेतील. प्रश्न चष्म्याचा नाही, पदाच्या प्रतिष्ठेचा आहे."

"पद तं गयं ना रे?"

"पद जातं वहिनी, प्रतिष्ठा राहते."

प्रतिष्ठा म्हणजे चष्मा उचलून देणारा माणूस, हे धुरपदाबाईंना त्या दिवशी समजलं. नवलच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. पण त्या भांडायला आल्या नव्हत्या. त्यांनी आबांची अवस्था सांगितली, ते रोट हातात धरून कसे बसणार आहेत ते सांगितलं, आणि ज्या पोराला कधी हात जोडले नव्हते त्याला हात जोडले.

अभिमनचा चेहरा क्षणभर हलला. निदान त्यांना तसं वाटलं. "येईन वहिनी," तो म्हणाला. "सोमवारी सकाळी. नक्की."

फाटकापर्यंत सोडायला योगराज आला. "कानबाईचे रोट का आक्का?" त्याने हळूच विचारलं. "आमच्या घरीही बसते देवी." धुरपदाबाईंनी मान हलवली. चष्मे उचलणाऱ्याशी काय बोलायचं?

रविवारी देवी बसली. रात्रभर बायकांनी गाणी म्हटली, फुगड्या घातल्या. सोमवारी वाजतगाजत विसर्जन झालं आणि भाऊबंद अंगणात पाटांवर येऊन बसले. नवलने आबांना उचलून भिंतीला टेकवून बसवलं. डाव्या मांडीला लागून एक पाट रिकामा ठेवला. नवलची बायको दिपमाला हिने रोटांचं ताट आणि दही आणून ठेवलं. आबांनी चांगल्या डाव्या हाताने रोट मोडला आणि तुकडा धरून बसले. जेवणं थांबली. पोरं भुकेने किरकिरायला लागली तरी कोणी हात लावला नाही.

शेवटी गाडी आली. खिडक्यांना पडदे लावलेली ती पांढरी गाडी पाहून धुरपदाबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या पदर सावरत पुढे झाल्या. पुढच्या दारातून पोलीस उतरला. मागच्या दारातून जाकीट घातलेला, अत्तर लावलेला एक माणूस उतरला. तो योगराज होता. मागून दुसरं कोणी उतरलं नाही.

योगराजने मान खाली घालून फोन पुढे केला. फोनच्या काचेत अभिमन दिसत होता, मागे कुठल्याशा हॉटेलचा पडदा.

"वहिनी, ऐनवेळी मुंबईला यावं लागलं. आज आमच्या सवलतींची बैठक आहे, आयुष्यभराचा प्रश्न आहे. मी योगराजला पाठवलंय."

"कसाले?"

"माझ्या वतीने बसायला. मी पदावर असताना कार्यक्रमाला जाता आलं नाही की सचिव माझं भाषण वाचायचा. ते माझंच भाषण धरलं जायचं. तसंच समजा."

"भाषण कोनी बी वाचस, अभिमन. रोट पोटमा जास."

"तो खाणार नाही हो. नुसता पाटावर बसेल, तुकडा हातात घेईल." मग त्याने आवाज खाली आणला. "आबाला तरी कुठे दिसतंय? जाकीट माझंच आहे, अत्तरही माझंच लावलंय. आबाच्या जिवाला समाधान मिळेल, आणि माझी बैठकही होईल."

धुरपदाबाईंना आयुष्यात बरेच राग आले होते. सासऱ्याचा, चुलत दिराचा, पाटबंधाऱ्याच्या साहेबाचा. हा त्यातला नव्हता. हा राग थंड होता आणि त्याच्या तळाशी किळस होती. म्हाताऱ्या आंधळ्या भावाला फसवायचं आणि ती फसवणूकसुद्धा सरकारी माणसाकडून करून घ्यायची! उंटावरून शेळ्या हाकणारे त्यांनी पाहिले होते, पण हा पठ्ठ्या उंटावरून भाऊपण हाकायला निघाला होता. ह्याचं नाक पुसलं ते हात त्यांना धुऊन टाकावेसे वाटले.

"बंद कर ते," त्या नवलला म्हणाल्या. नवलने फोन बंद केला.

पाटावरून आबांचा आवाज आला. "गाडी वाजनी ना वं? उना का अभिमन?"

हो म्हणणं सोपं होतं. योगराजला बसवायचं, आबांनी तुकडा द्यायचा, चार घास खायचे आणि समाधानाने झोपायचं. पुढचा श्रावण नाहीच आहे, तर मग खोटं कोणाला बाधणार? योगराज वाट पाहत होता. भाऊबंद वाट पाहत होते. आबांचा डावा हात तुकडा धरून पुढे आला होता.

"नही उना," धुरपदाबाई म्हणाल्या. "त्यानी शिपाई धाडा."

हात तसाच राहिला. आबांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं, ते पुसायला दुसरा हात चालत नव्हता. धुरपदाबाईंनी पदराने ते पुसलं. पन्नास वर्षांच्या संसारात हा माणूस असा कधी रडला नव्हता, आणि तो रडला कोणासाठी? त्यांना तो पुढे आलेला हात रिकामा मागे जाऊ द्यायचा नव्हता. तेवढंच त्यांना कळत होतं.

"योगराज, जाकीट काढ," त्या म्हणाल्या. "आनी बठ पाटवर."

योगराज दचकला. "आक्का, नको. मी फक्त बसण्यापुरता आलोय. दुसऱ्याच्या कुळाचा रोट खाल्ला तर पाप लागतं, मला ठाऊक आहे."

चुलत दीर जीवराम उठून उभाच राहिला. "वहिनी, कुळबाहेर रोट? येडी व्हयनी का तू?"

"कुळना माणूसले येवाले येळ नही," धुरपदाबाई कडाडल्या. "हाऊ उना ना? नोकरीपायी का व्हयेना, पन उना. आपला वाटा दुसराले खावाले जो धाडस, त्याना वाटा कसाना? जो खाई तो भाऊ. पाप लागनं तं मना माथे."

जीवराम काही तरी पुटपुटला, पण खाली बसला. योगराजने जाकीट काढून गाडीच्या बॉनेटवर ठेवलं आणि नुसत्या सदऱ्यावर येऊन पाटावर बसला. पोट मांडीत मावेना. घामाने डबडबला होता.

"साहेबनं नाव लेऊ नको," धुरपदाबाईंनी बजावलं. "तुनं सांग."

"योगराज," तो कसाबसा म्हणाला. "रुपचंदचा योगराज."

आबांनी मान त्याच्याकडे वळवली. त्या सावलीकडे पाहिलं. मग तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला आणि बोटं मिटवली. "खाय, भाऊ," ते म्हणाले.

योगराजने डोळे मिटून तो तोंडात टाकला. पंगत जेवायला लागली. सगळ्यांत शेवटी आबांनी दोन घास खाल्ले.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी अभिमन स्वतः आला. बैठक जिंकून आला होता. गाडी, ड्रायव्हर, शिपाई, पोलीस, सगळं तहहयात मंजूर झालं होतं. बरोबर दोन फोटोग्राफर होते. मुंबईत कोणीतरी त्याला सांगितलं होतं की माजी लोकांवरच्या खर्चाबद्दल पेपरात फार लिहून येतंय, तर मातीशी नातं दाखवणारे दोन फोटो छापून यावेत. मातीशी नातं दाखवायला तो कडक इस्त्रीचं जाकीट घालून आला.

अंगणात उरलेले रोट संपवायला घरची माणसं बसली होती. योगराज साहेबांच्या मागून गाडीतून उतरला, तसं धुरपदाबाईंनी आबांशेजारच्या पाटाकडे बोट केलं. "बठ, योगराज. तुनी वाट दखी ऱ्हायनूत." योगराजने एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा आबांकडे पाहिलं आणि जाऊन बसला.

अभिमन हसला. "अरे वा! आता जरा उठ रे, मला बसू दे. फोटो घ्यायचाय."

"तो पाट त्याना शे," धुरपदाबाई म्हणाल्या. "तुले खुर्ची शे."

ओट्यावर पाहुण्यांसाठी प्लास्टिकची खुर्ची होती. अभिमनला काही कळेना. "वहिनी, माझा रोट?"

"तुना वाटा तं सोमवारेच खवाई गया. तूच माणूस धाडा व्हता ना?"

"पण तो माझ्या वतीने..."

"मंग तुनं पोट भरनं व्हई."

फोटोग्राफर एकमेकांकडे पाहायला लागले. एकाने कॅमेरा वर केला, तसा अभिमन ओरडला, "फोटो नको!" मग तो आबांकडे वळला. त्याचा आवाज बदलला होता. बऱ्याच वर्षांनी त्या आवाजात गाव आलं. "आबा, मी उनू. अभिमन."

आबांनी मान वर केली. आवाज त्यांनी ओळखला होता, हे धुरपदाबाईंना दिसलं. मग त्यांनी शेजारच्या योगराजच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बायकोला विचारलं.

"कोन उना वं, नवलनी माय?"

"तुमना भाऊ. माजी."

"आस्सं," आबा म्हणाले. "माजी भाऊले काय काय भेटस?"

"चहा."

दिपमालाने चहा आणला आणि ओट्याच्या कठड्यावर कप ठेवला. अभिमन खुर्चीत बसला होता. सवयीने त्याने योगराजकडे पाहिलं. योगराज सवयीने अर्धा उठलाही, पण आबांचा हात त्याच्या गुडघ्यावर होता, तो परत बसला. कप कठड्यावरच होता, खुर्चीपासून हाताच्या अंतरावर. उचलून द्यायला कोणी उठलं नाही.