प्रकल्पप्रमुखाचं नाव

अठ्ठावीस ठिकाणी सापडलं, असं संगणकाने सांगितलं आणि खाली विचारलं, सगळीकडे बदलायचं का?

स्नेहलताने 'हो'वर टिचकी मारली. एकशे बारा पानांतल्या अठ्ठावीस जागांवरून 'डॉ. इंज. श्रीरंग आठल्ये' उठले आणि तिथे 'डॉ. इंज. मार्टिना लिंडनर' येऊन बसल्या. सगळं मिळून अर्धा सेकंद. हयात असताना त्यांना सोफ्यावरून उठवायलासुद्धा याहून जास्त वेळ लागायचा.

"स्नेहा, तू हे करू नकोस," शेजारच्या टेबलावरून फ्राऊ ब्रांडल हळूच म्हणाली. "मी करते ना."

"फाइल मला माहीत आहे," स्नेहलता म्हणाली.

ते खरंच होतं. जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या त्या संशोधन संस्थेत बाहेरून येणाऱ्या अनुदानांची कागदपत्रं अठरा वर्षं तीच सांभाळत होती, आणि वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत तिचे पती श्रीरंग काम करत होते. कारखान्यात गाडीखाली उभं राहून दिवसभर हात वर करून बोल्ट आवळणाऱ्यांचे खांदे पन्नाशीच्या आत निकामी होतात. त्या खांद्यांना आधार देणारं एक जाकीट त्यांना बनवायचं होतं. चार वर्षं त्यांनी त्यापायी घासली. जानेवारीत केंद्रीय मंत्रालयाचं पत्र आलं की प्रकल्प निवडला आहे, मात्र जाकीट माणसांवर तपासायचं असल्याने एथिक कमिशनची, म्हणजे नैतिकता समितीची, परवानगी, विमा आणि माहितीच्या गोपनीयतेचा आराखडा हे मागाहून, पण मंजुरीच्या आधी, सादर करावं. मुदत पंधरा एप्रिल, शुक्रवार, दुपारी बारा; म्हणजे आजच. त्यानंतर प्रतीक्षायादीतल्या पुढच्या प्रकल्पाचा नंबर.

ते पत्र त्यांनी घरी आणून देवापुढे ठेवलं होतं. नऊ फेब्रुवारीला ऑफिसला निघालेले असताना ते बसस्टॉपवरच्या बाकावर बसले आणि बस आली तरी उठले नाहीत.

त्यानंतर स्नेहलताने मृत्यूचा दाखला अकरा ठिकाणी दिला. बँकेत, पेन्शनच्या ऑफिसात, घरमालकाला, कुठे कुठे. प्रत्येक खिडकीपाशी ती 'माइन मान', माझे पती, एवढंच म्हणाली. नाव काही तिच्या तोंडून निघालं नाही. ते निघायचंच नाही कधी. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं होतं, ते पहिलं आणि शेवटचं. पुढची सव्वीस वर्षं 'अहो'वर भागलं. इतकं की फ्राऊ ब्रांडल दर नाताळच्या कार्डावर 'प्रिय स्नेहा, प्रिय आहो' असं लिहायची, आणि ते कार्ड त्यांनी फ्रिजवर लावून ठेवलं होतं. बारावा दाखला आता या फाइलला जोडायचा होता, परिशिष्ट सहा म्हणून. तिने तो स्कॅन केला, सरळ आला नाही म्हणून पुन्हा केला. तिला रडू येत नव्हतं. नऊ आठवडे आलं नव्हतं, आणि आतून आपलं काहीतरी कायमचं बंद पडलं असेल याची तिला भीती वाटत होती.

अकराला सुकन्या धापा टाकत आली. कोल्हापूरची ही मुलगी श्रीरंगच्या हाताखाली पीएचडी करत होती. नव्या प्रमुखाच्या नावाचं परवानगीपत्र आणायला ती सकाळपासून एथिक कमिशनच्या दारात बसली होती.

"काकू, मिळालं! त्या बाई 'आल्झो, आल्झो' म्हणत अर्धा तास नुसता शिक्का शोधत होत्या."

"बस जरा. पाणी घे."

"माझं राहू द्या. तुम्ही काल जेवलात का?"

"जेवले की."

"काय जेवलात?"

स्नेहलताने आठवून पाहिलं. आठवेना. तिने परवानगीपत्र स्कॅनरवर ठेवलं.

सुकन्या बसली नाही. "माझं कॉन्ट्रॅक्ट जूनला संपतंय, त्याचं काही नाही. मी शोधीन दुसरं. पण सरांचं हे वाया जायला नको हो, काकू."

"नाही जाणार."

सव्वाअकराला सगळे कागद पोर्टलवर चढले. हिरवी खूण आली. फ्राऊ ब्रांडल सगळ्यांसाठी कॉफी आणायला गेली, सुकन्याही तिच्याबरोबर गेली. आणि फोन वाजला.

मंत्रालयातर्फे फाइली तपासणाऱ्या ऑफिसातले पोल नावाचे गृहस्थ, हेर पोल, बोलत होते. आवाज वयस्कर, सौम्य. "फ्राऊ आठल्ये, सगळं मिळालं. छान लावलंय. फक्त एक गोष्ट. प्रमुख बदलल्यामुळे आधीच्या प्रमुखांचं नाव दाखल्याशिवाय कुठेही राहायला नको. मी शोधून पाहिलं. एका जागी राहिलंय. पान एकेचाळीस."

"शक्य नाही. मी सगळीकडे बदललंय."

"बघा ना एकदा."

तिने पान एकेचाळीस उघडलं. गोपनीयतेचा आराखडा, कार्यालयीन संपर्क. 'पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव लिहा' असं रकान्यात म्हटलं होतं आणि जानेवारीच्या अखेरीस तिनेच ते भरलं होतं: स्नेहलता श्रीरंग आठल्ये. तिने शोधताना 'डॉ. इंज.' धरून शोधलं होतं. त्यामुळे हे हाती लागलं नव्हतं.

"मधला शब्द काढा आणि पान परत चढवा," हेर पोल म्हणाले. "अजून पस्तीस मिनिटं आहेत. दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटांचंच होतं. या मधल्या नावाचा तिला इथे नेहमी वैताग यायचा. दातांच्या डॉक्टरकडे नर्स 'फ्राऊ श्रीरंग' अशी हाक मारायची, आणि सोबत आलेले हे उठून म्हणायचे, "चला, आपल्याला बोलावतायत." पासपोर्ट नवा करताना काढून टाकू या म्हणून तिने कितीदा सांगितलं. "असू दे गं, तुझं काय खातंय ते," एवढंच उत्तर यायचं.

कर्सर मधल्या नावाच्या शेवटी नेऊन तिने बोट खोडायच्या कळीवर ठेवलं. पहिलं अक्षर गेलं. दुसरं गेलं. आणि तिच्या छातीत कळ आली. नऊ आठवड्यांत पहिल्यांदा तिला काहीतरी दुखलं. तिने दोन्ही अक्षरं परत टाइप केली.

"नाइन," ती म्हणाली. नाही.

"म्हणजे?"

"हे त्यांचं नाव नाही. माझं आहे."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज.

"आमच्याकडे लग्नानंतर बाईच्या नावात नवऱ्याचं नाव येतं. मधे. पासपोर्टवर तसंच आहे. तुम्ही पूर्ण नाव मागितलं होतं, हे माझं पूर्ण नाव आहे."

"असं होय," हेर पोल म्हणाले. "पण माफ करा, फ्राऊ आठल्ये, पती गेल्यावर ते… राहतं?"

"राहतं," स्नेहलता म्हणाली.

घड्याळात अकरा चौतीस झाले होते. आपण हट्टापायी त्यांची चार वर्षं घालवतोय का, हा विचार तिच्या मनात येऊन गेला. तरी तिने शब्द मागे घेतला नाही.

"बरं," हेर पोल म्हणाले. "मग फाइलला एक टिपण जोडतो. पासपोर्टची प्रत पाठवा. आणि टिपणासाठी पूर्ण नाव सांगा. मधलं सावकाश, अक्षरवार. आमच्या कानाला सवय नाही."

तिने खिडकीबाहेर पाहिलं. पार्किंगमध्ये कुणीतरी सायकलला कुलूप लावत होतं.

"स्नेहलता," ती म्हणाली. तिने पाण्याचा घोट घेतला. "श्रीरंग. आठल्ये."

"मधलं?"

फोनवर नावांच्या आधाराने अक्षरं सांगायची इथली पद्धत तिला पाठ होती.

"एस, सिगफ्रीडमधला. एच, हाइनरिशमधला. आर, रिशार्ड. आय, ईडा. पुन्हा आर, रिशार्ड. ए, आंटोन. एन, नोर्डपोल. जी, गुस्टाफ."

हेर पोल प्रत्येक अक्षरानंतर 'या', म्हणजे हो, असं म्हणत लिहून घेत होते.

पासपोर्टची प्रत अकरा त्रेचाळीसला गेली. अकरा एकावन्नला हेर पोल पुन्हा फोनवर आले. "सगळं पूर्ण आहे, फ्राऊ आठल्ये. मंजुरीचं पत्र पुढच्या आठवड्यात. आणि… माझ्या मनापासून सहवेदना."

तिने फोन ठेवला. दारात सुकन्या हातात कॉफीचे दोन कप घेऊन उभी होती. कधीची उभी होती कोण जाणे.

"काकू, झालं?"

"झालं. सगळं पूर्ण आहे म्हणाले."

सुकन्याने कप टेबलावर ठेवले आणि तिथेच डोळे पुसायला लागली. स्नेहलताने तिला आपल्या खुर्चीवर बसवलं. संगणकावर पान एकेचाळीस अजून उघडंच होतं. तिने ते बंद करायच्या आधी ते मधलं नाव पुन्हा एकदा म्हटलं, कुणाला सांगायला नव्हे, आणि या वेळी अक्षरं सुटी न करता.