कागदाचा फोन

“दाबा, आई,” सून म्हणाली.

मी कागद दाबला. तिनं तो पटकन उचलला आणि खालून दुसरा सरकवला. त्यावर माझ्या भावाचा फोटो चिकटवलेला आणि खाली उजव्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा हिरवा गोल.

“पैसे कुणाला जातायत ते दिसतंय?”

“दिसतंय. माझ्या लग्नात रुसून बसलेला, तोच ना?”

ती हसली नाही. वहीत लिहून घेतलं. “आता हिरव्यावर अंगठा ठेवा. मनात तीन मोजेपर्यंत उचलायचा नाही.”

सून फोनमधलं पाकीट तयार करणाऱ्या कंपनीत होती. बँकेच्या साध्या गिऱ्हाइकांना घरबसल्या पैसे पाठवता यावेत म्हणून. तिचं काम काय, तर चौकोन काढायचे. कुठलं बटण कुठं, अक्षर केवढं. मीही शिलाईच्या दुकानात तीस वर्षं कागदच कापले, पण माझ्या कागदांतून माणसाच्या अंगावर बसणारे कपडे निघाले. हे मी तिला आठवड्यातून एकदा तरी ऐकवायचे. भाजीत मीठ विसरणारी ही बाई जगाची बटणं लावायला निघाली होती.

त्या रविवारी दुपारी तिनं कागदाचा फोन माझ्याकडून आठ वेळा चालवून घेतला. आठही वेळा जमलं. मग चहाचा कप माझ्यापुढे ठेवून म्हणाली, “उद्या ऑफिसात खऱ्या फोनवर हेच करायचं. आमच्या मोठ्या बाईंना दुसरी रचना हवीय, बारीक अक्षरांची, झटपट. मी बोलून बसलेय, माझ्या सासूबाईंना एकटीनं जमलं तर माझी ठेवा. नाही जमलं तर माझी जाईल. बहुतेक मीही जाईन.”

“एवढा भरवसा माझ्यावर?”

“तुमच्या हातावर आहे,” ती म्हणाली.

मला बरं वाटलं. ते मी दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ठेवणीतले कपडे घालून गेले. सून मला तिच्या खोलीत बसवून फोन आणायला गेली. समोरच्या भिंतीवर माझा फोटो होता. घरच्या फोटोतून कापलेला. कडेला आमच्या ह्यांचा खांदा राहून गेला होता. खाली मजकूर. चौथी शिकलेय मी, सावकाश का होईना, वाचते.

‘वय त्रेसष्ट. शिक्षण चौथी. फोनला घाबरते. घाबरली की दुसऱ्यावर ओरडते. चुकलं तर कबूल करत नाही.’

त्याखालचं एका खोक्यामागे झाकलं होतं. खोकं सरकवायची मला गरज वाटली नाही. दारावरून दोन पोरी कॉफीचे कप घेऊन चालल्या होत्या. एकीनं फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि दुसरीला कोपरानं ढोसलं.

मग एका छोट्या खोलीत नेलं. टेबलावर फोन, समोर मोठ्या बाई. सून काचेपलीकडे, तिला बोलायची बंदी.

“आजी, भावाला पैसे पाठवून दाखवा. मनात येईल ते बोलत राहा.”

भावाचा फोटो आला. हिरवा गोल आला, असायला हवा तिथंच. अंगठा निघालाच होता. मी तो मुठीत घेतला.

“कुठं दाबायचं?”

“तुम्हाला काय वाटतं?”

“मला काय वाटायचंय? अडाणी बाई मी.”

मी मागे जायचा बाण दाबला. पुन्हा तिथवर आले, पुन्हा बाण दाबला. तीनदा.

“सुनेनं घरी दाखवलं असेल ना?”

“तिला कुठला वेळ. आल्या आल्या खोलीत जाऊन पडते.”

मी काचेकडे पाहिलं. सुनेनं पेनाला टोपण लावलं. अगदी सावकाश, नीट बसेपर्यंत.

“राहू द्या, आजी. तुमची काही चूक नाही,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“ती असेलच कशी,” मी म्हणाले.

बसमध्ये तिनं एकदाच तोंड उघडलं. “काल आठ वेळा बरोबर केलंत.”

“काल मी घरी होते. भिंतीवर नव्हते.”

ती खिडकीबाहेर बघायला लागली.

महिन्याभरात ती आपलं सामान एका खोक्यात घालून घरी आली. मुलानं मला विचारलं, काय झालं असेल. मी म्हटलं, कामच कच्चं असेल. ती अंघोळीला गेली तेव्हा मी खोकं उघडलं. तळाशी भिंतीवरचा तो कागद, माझ्या फोटोचा. झाकलेली ओळ एकच होती. ‘हिला कुणापुढे फोन धरावा लागू नये.’

कागद होता तसा ठेवला, कडेला कड लावून.

पुढे ते पाकीट आलं, बारीक अक्षरांचं. आमच्या बँकेनं पैसे भरायची खिडकी बंद केली. दोऱ्यांच्या दुकानातही रोख घेईनात, तिथले पैसे द्यायचे होते, म्हणून फोन घेऊन मी सुनेपुढे उभी राहिले. ती आता घरीच बसून औषधांच्या बाटल्यांची लेबलं आखून देते.

“जरा हे बघ गं.”

तिनं मान वर केली नाही. “तुम्हाला यातलं कळत नाही, आई. कशाला त्रास करून घेता?” आवाज अगदी मऊ. माझ्याकडूनच शिकली असणार.

दुकानात गर्दी होती. दुकानदारानं माझा फोन हातात घेतला. “आजी, गुप्त नंबर?”

मी कानाशी सांगायला वाकले.

“मोठ्यानं सांगा, पंख्याचा आवाज आहे.”

सांगितला. एकेक आकडा. मागच्या बाईनं तोंड दुसरीकडे फिरवलं, तेवढी अक्कल तिला होती.

“झालं,” त्यानं फोन परत दिला. “घरी शिकवणारं कुणी नाही का?”

“सून आहे,” मी म्हणाले. “तिला सगळं येतं.”

बाहेर येऊन मी कडेला थांबले, फोन पाहिला. काचेवर मुंग्यांसारखी अक्षरं. अंगठा आपोआप खाली उजव्या कोपऱ्यात गेला. मी तो तीन मोजेपर्यंत दाबून धरला. तिथं काहीच नव्हतं.