हलका हात

तिने सुरीसाठी हात पुढे केला, पण सरांनी ती तिच्या हातावरून पलीकडे, तिच्याहून वर्षभर मागे असलेल्या ज्युनिअरकडे सरकवली.

"चल, तू उघड पोट," सर त्याला म्हणाले. मग तिच्याकडे वळून, "तू जखमेची कड ओढून धर हं, बाळा. तुझ्यासारखं कुणी धरत नाही."

मनगटाला रग लागेपर्यंत ती धरून उभी राहिली. सर्जरीच्या शिक्षणाचं शेवटचं वर्ष सरत आलं, तरी मोठं ऑपरेशन एकदाही तिच्या वाट्याला आलं नव्हतं. रागवावं म्हटलं, तर सर कधी आवाज चढवत नसत; उलट जेवलीस का, दमलीस का, अशी चौकशी करत. ज्युनिअर तर बिचारा तिच्याकडे बघायलाही ओशाळायचा. रुसायचं तरी कुणावर?

दुपारी सरांनी तिला खोलीत बोलावलं.

"माझ्या आईच्या छातीत गाठ आहे. साधीच आहे, तपासून घेतलीय. तेवढी जागा बधिर करून काढायची. तू काढशील?"

"मी?"

"तुझा हात हलका आहे. मला माहितीये."

तिला आनंद व्हायला हवा होता. पण तिच्या तोंडून प्रश्नच निघाला.

"केव्हापासून माहितीये, सर?"

सर चष्मा पुसू लागले. "आणि तिला बाईच डॉक्टर हवी. पुरुषाला जवळ फिरकू देत नाही."

म्हणजे हात म्हणून, की बाई म्हणून? तिला उलगडेना. ती नुसतीच 'बरं' म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गाठ अलगद, अख्खी निघाली. सर अर्धवट लोटलेल्या दाराबाहेर येरझारा घालत होते. ती टाके घालू लागली, तशी इतका वेळ डोळे मिटून पडलेली म्हातारी बोलती झाली.

"कळलंसुद्धा नाही गं! तरी हा सांगतच होता. म्हणाला, आमच्याकडची मोठमोठी ऑपरेशनं हीच करते. मी आपला बाजूला उभा."

सिस्टरने चमकून वर पाहिलं. बाहेरची पावलं थांबली.

ती क्षणभर दाराकडे बघत राहिली. मग टाक्याची गाठ मारून, जरा मोठ्यानेच म्हणाली,

"हो आजी. उद्याचं मोठं ऑपरेशनही मीच करणार आहे."

दाराबाहेर कुणी 'हो' म्हटलं नाही. 'नाही'ही म्हटलं नाही. तिने सिस्टरपुढे हात केला आणि पुढच्या टाक्यासाठी दोरा मागितला.