न धुतलेली शीर

“रेष खाली येत नसेल तर आणायची, वर्षाराणी. मागच्या वर्षीचा आलेख आहे की आपल्याकडं,” उदयसिंह सर चहाचा कप टेबलावर ठेवत म्हणाले. “संध्याकाळी पेपर पुण्याला जाणार. तुझं नाव त्यात हवं का नको?”

वर्षाराणीसमोर कोमट खारट पाण्यात, दोन हुकांना अडकवलेली बोकडाच्या शिरेची बांगडीसारखी चकती होती. एका औषधानं ती आवळली होती. दुसऱ्यानं सैल पडायला हवी, तर ती आणखीच आवळत होती आणि पडद्यावरची रेष वरच राहत होती. त्या औषधानं शिरेच्या आतल्या अस्तरातल्या पेशींत कॅल्शियम वाढलं की त्या बाहेरच्या स्नायूला सैल व्हायला सांगतात. तिची सगळी पीएच.डी. त्यावर उभी होती, आणि शीर मात्र महिनाभर अडून बसली होती.

“नाव हवंय सर. पण खोट्या रेषेखाली नको.”

पेपर गेला, तिच्या नावाशिवाय. गडमुडशिंगीच्या पोरी रडत बसत नाहीत, असं तिची आई म्हणायची. खरं तर त्याही रडतात, पण भांडून झाल्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आकाराम मामांच्या मटणाच्या दुकानात उभी राहिली. गेला महिनाभर ती रोज इथून बांधून ठेवलेली पिशवी उचलून पळायची. आज शीर काढण्यापासून बघायचं ठरवून आली होती. मामांनी हृदयाजवळची जाड शीर कापली, काडीला फडकं गुंडाळलं आणि ते शिरेतून खसाखसा फिरवलं. पितळी तांब्या घासावा तसं.

“कॉलेजात जाणारा माल हाय,” मामा अभिमानानं म्हणाले. “घाण जाऊन चालतंय व्हय?”

वर्षाराणीनं कपाळाला हात लावला.

“मामा, उद्यापास्नं आतनं घासू नका. धुऊबी नका.”

मामांची मान ताठ झाली. “माझ्या दुकानातनं न धुतलेला माल कवाच गेल्याला न्हाय. लोकं काय म्हणतील?”

“आत दुधावरच्या सायीपेक्षा पातळ थर असतोय. सैल व्हायचा निरोप तोच देतोय. तो पुसला की शीर नुसती आवळूनच बसती.”

“म्हंजे इतके दिस मी ती साय पुसून देत हुतो?”

“व्हय. आन मीबी कधी बघाय आलो न्हाय.”

मामा चरफडले. तरी त्यांनी दुसऱ्या बोकडाची शीर काढली, दोन बोटांनी उचलून तिच्या थंड पाण्याच्या डब्यात सोडली आणि एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं.

प्रयोगशाळेत तिनं शिरेचा एक तुकडा उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पसरला. कॅल्शियम वाढलं की चमकणारा रंग त्यात मुरवला होता. दुसरं औषध घातलं. एक पेशी हिरवी उजळली, मग शेजारची, मग शेजारणीची शेजारीण. नंतर चकती हुकांना लावली. पहिल्या औषधानं पडद्यावरची रेष वर चढली आणि दुसरं पडताच सरसर खाली आली. मग मुद्दाम, मामांसारखंच काडीला फडकं गुंडाळून तिनं दुसरी चकती आतून घासली. ती सैल झाली नाही. आता भांडण संपलं होतं. वर्षाराणी स्टुलावर बसली आणि पोटभर रडली.

सोमवारी सरांनी दोन्ही आलेख बराच वेळ पाहिले. “आधी आलं असतं तर नाव गेलं नसतं. बरं, ते महिनाभराचे बिघडलेले आलेख टाकून दे.”

“न्हाय सर. अस्तर पुसलं की काय हुतंय, ते त्यांनीच दाखवलंय. प्रबंधात राहणार.”

सरांनी आलेख तिच्याकडं परत सरकवले. पुण्याच्या पेपराचा विषय मात्र त्यांनी काढला नाही.

पुढच्या रविवारी मामांच्या दुकानापुढं ही लांब रांग. वर्षाराणी पैसे देत असताना मागच्या गिऱ्हाइकानं तिच्या डब्यात डोकावलं.

“मामा, ही शीर धुतली न्हाईसा? रगात दिसतंय की.”

रांगेतल्या माना वळल्या. असं या दुकानात आजवर कुणी बोललं नव्हतं. मामांचे कान लाल झाले. त्यांनी वर्षाराणीकडं एकदा पाहिलं आणि डबा तराजूजवळ, सगळ्यांना दिसेल असा पुढं ठेवला.

“न्हाय धुतल्याली,” ते शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. “आन धुणारबी न्हाय.”