झील माझो गप आसा

बांगडे साफ करता करता संचिता थांबली आणि माशाच्या हातानेच तिने नवऱ्याच्या फोनकडे बोट केलं.

"सत्यवतीतायन कविता टाकली? वाचा बघू. माझे हात बरबटलेले आसत."

गुरुप्रसादने चष्मा कपाळावर सरकवला. एरवी तो संचिताला स्वतःच्याच कविता वाचून दाखवी, आणि तीही बिचारी आमटीला फोडणी देता देता त्या ऐकून घेई. आज दुसऱ्याची कविता वाचायची होती, त्यामुळे आवाजात मुद्दाम काही आणायची गरज नव्हती. त्याने सरळ वाचलं.

झील माझो गप आसा
सकाळ झाली तरी हलणा नाय
वारो येता, वारो जाता
तोंडार एक वळ उमटणा नाय

कोणी काय टाकला
ता सगळा पोटात घेता
मी काठार बसान ऱ्हवतंय
तळ काय माका लागणा नाय

नळ चालू करून संचिताने हात धुतले, मासे तसेच टाकून.

"म्हणजे तायचो सिद्धेश अजून बोलणा नाय," ती म्हणाली. "चवथीक, गणपतीक इलो मुंबयसून तो तसोच. तायन कोणाक सांगूक नाय आणि हय लिवला. लोका काय म्हणतत?"

मालवणीत झील म्हणजे मुलगा. सिंधुदुर्गात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण 'ओंजळभर ओळी' हा काव्यसमूह पुण्याहून चालायचा आणि त्यात नाशिकपासून नागपूरपर्यंतचे कवी होते. समूहाचे अध्यक्ष पुण्याचेच, त्यांना सगळे नुसतं सर म्हणत. सरांची दाद सगळ्यात वर होती.

'निःशब्द! कोकणच्या मातीतली ही झील किती शांत, किती समंजस! वाऱ्याने न ढळणारी, सारं काही पोटात घेणारी. अशी झील आपल्या प्रत्येकाच्या वाट्याला यावी.'

गुरुप्रसादने ते दोनदा वाचलं. सरांना हिंदीतली झील वाटली होती. तलाव. आणि राजा बोले, दळ हाले, या न्यायाने खाली रांगच लागली होती. 'ताई, या झीलच्या काठी मलाही थोडी जागा द्या.' 'मन निवलं.' 'काय ती शांतता!' कुणी हात जोडले होते, बहुतेकांनी कमळं टाकली होती.

"बरी म्हणतत," गुरुप्रसाद म्हणाला आणि फोन खिशात घातला.

सत्यवती ही संचिताची मावसबहीण, शिरोड्याची. नवरा गेल्यावर घरच्या दोन खोल्या पर्यटकांना देऊन तिने मुलाला शिकवलं. लग्नाकार्यात फुगडीच्या वेळी ती उभ्या उभ्या गाणी रचायची, ते ऐकून गुरुप्रसादनेच तिला समूहात घेतलं होतं. त्यात थोडा मोठेपणाही होता. तो सावंतवाडीच्या एका सरकारी कचेरीत कारकून होता, पण समूहात तो होता कवी 'सिंधुतनय', आणि सिंधुतनय इतकं शुद्ध लिहायचा की त्याच्या ओळींवरून तो कोकणातला की कोल्हापूरचा हे कुणाला सांगता आलं नसतं. त्याला त्याचा अभिमान होता.

दुपारी जेवून तो आडवा झाला तेव्हा फोन वाजला. सरांनी सगळ्यांसमोर त्याचं नाव घेतलं होतं. 'सिंधुतनय, आपण तर तिकडचेच. या झीलविषयी आपलं मत वाचायला आवडेल.'

खरं म्हणजे एका ओळीचं काम होतं. सर, मालवणीत झील म्हणजे मुलगा. लिहायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. त्याने ती ओळ लिहिलीही. मग ती तशीच ठेवून तो छताच्या पंख्याकडे बघत राहिला. त्याच्या पहिल्या संग्रहाची वही दोन वर्षं सरांकडे पडून होती आणि 'प्रस्तावना मनात आकार घेत आहे' असं सरांनी गेल्याच आठवड्यात कळवलं होतं. अशा वेळी चारचौघांत त्यांची चूक काढायची? खासगीत कळवावं, तर सरांना आपलं लिहिलेलं पुसावं लागणार, म्हणजे त्यांच्या मनात अढी बसणारच. शिवाय सत्यवतीचं त्यात नुकसान काय? सगळे स्तुतीच तर करत होते. माणूस एकदा कारणं शोधायला लागला की त्याला ती भरपूर सापडतात.

त्याने ओळ पुसली आणि लिहिलं, 'सर, अगदी मनातलं बोललात. ही झील मला फार ओळखीची वाटली. आमच्या सावंतवाडीच्या तळ्यासारखीच, वरून शांत, आतून अथांग. हिच्या काठी बसलं की मनाचा कोलाहल निवतो. – सिंधुतनय.'

सरांनी त्यावर कमळ टाकलं.

प्रस्तावना चार दिवसांत आली. गुरुप्रसादने ती कचेरीत, टेबलाखाली फोन धरून वाचली. 'सिंधुतनय यांची कविता किती शांत, किती समंजस! वाऱ्याने न ढळणारी, सारं काही पोटात घेणारी.' त्याने समूहात मागे जाऊन सरांची ती दाद वाचली, वाक्य तेच होतं. वहीतल्या एकाही कवितेचं नाव पानभर मजकुरात कुठे नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या अनुजाने विचारलं, "काय झालं सर, बरं वाटत नाही का?" तो म्हणाला, काही नाही, ऊन लागलं असेल.

त्याच संध्याकाळी संचिताने ती कविता पुन्हा वाचायला म्हणून त्याचा फोन घेतला. कवितेखाली काय आहे तेही ती वाचत गेली. तो पडवीत चपला काढत होता तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली.

"ह्या तुमी लिवलात?"

त्याने मान खाली घातली. चप्पल निघायला उगाच वेळ लागत होता.

"तुमका झील म्हणजे काय ता म्हायत नाय? तुमच्या आयेन तुमका काय म्हणान हाक मारली जन्मभर?" तिचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "माझ्या भाच्याचो तलाव केलात. त्या पुण्याच्या माणसाक म्हायत नाय, तेका मी कायच म्हणणंय नाय. तुमका म्हायत होता."

"मी जावन सांगतंय तायक."

"सांगा. दुसऱ्या कोणी सांगूच्या आधी सांगा."

रविवारी तो स्कूटर घेऊन निघाला. मळेवाड, आजगाव करत शिरोड्याला पोचेपर्यंत वाटेत त्याने माफीची चार वाक्यं तयार केली. पहिल्या तयारीत ती शुद्ध मराठीत आली, तेव्हा त्याची त्यालाच किळस आली. मग त्याने ती मालवणीत बसवली. ताय, थंय एक चूक झाली हा. लोकांका वायच वेगळा समाजला. माका म्हायत आसान मी गप ऱ्हवलंय. माका माफ कर. तेवढं पुरे होतं. जास्त बोलण्यात पुन्हा कविता शिरली असती.

सत्यवती खळ्यात वाळत घातलेलं भात पायांनी परतत होती. त्याला बघून ती तशीच पुढे आली, पायाला भाताची कुसं लागलेली.

"येवा भावजी. संचिता नाय इली?"

"नाय, तिका काम होता. ताय, मी जरा..."

"बसा आधी. मीच तुमका फोन करतलंय होतंय." तिने पडवीतली खुर्ची पदराने पुसली. "तुमचे उपकार मी कशे फेडूचे? तुमी माका त्या ग्रुपार घेतलात."

"उपकार कसले," तो म्हणाला.

"नाय कशे? हय गावात काय काय बोलतत ता तुमका म्हायत आसा. कोण म्हणता भायरचा भूत लागला, कोण म्हणता कामाक कंटाळलो, कोण म्हणता मुंबयत कायतरी करून इलो. सख्खे शेजारी बोलतत. आणि ती लोका बघा. वळख ना पाळख, आणि म्हणतत अशी झील आपल्या वाट्याला यावी. माझ्या झिलासारखो झील." तिने डोळे टिपले आणि लगेच हसलीही. "मालवणी काय तेंका जमणा नाय. ही झील, ती झील. झिलाक चेडू, मुलगी समाजले काय कोण जाणा. तुमीय तसाच लिवलात. मी म्हटलंय, सरांका समजाक व्हया म्हणान लिवला असतला."

गुरुप्रसादने तयार केलेलं पहिलं वाक्य तोंडापर्यंत आणलं होतं. ते तिथेच राहिलं.

"मी सगळा तेका वाचून दाखवतंय," सत्यवती आवाज खाली आणून म्हणाली. "रोज. पयल्यांदा भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. मी तरी वाचतच ऱ्हवलंय. एक बाई म्हणता, माका तेच्याकडे बसाक जागा द्या. तुमी तेका तळ्याची उपमा दिलात. परवाच्या दिशी काय झाला, मी वाचून उठलंय, तर म्हणालो, परत वाच. भावजी, चवथीपासून पयलो शब्द."

ती चहा ठेवायला आत गेली. गुरुप्रसादला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. संचितासमोर वाटली होती, पण ती पकडलं गेल्याची लाज होती. इथे कुणी त्याला पकडलं नव्हतं. इथे त्याचे आभार मानले जात होते, आणि ते घेऊन मुकाट्याने बसण्यापलीकडे त्याला काही करता येत नव्हतं. खरं सांगावं तर त्या बाईचा परवाचा दिवस हिरावून घ्यायचा, न सांगावं तर आणखी एक खोटं पदरात बांधून घरी जायचं. तो खळ्यातल्या भाताकडे बघत बसला.

आतून कुणीतरी पाय ओढत आलं. सिद्धेश होता. दाढी वाढलेली, अंगात जुना बनियन. गणपतीच्या आरतीला टाळ कुटत सगळ्यात पुढे असणारा हाच मुलगा, हे सांगून खरं वाटलं नसतं. तो उंबऱ्यावर टेकला.

"सगळ्यांनी कमळां टाकल्यानी," सिद्धेश म्हणाला. आवाज घोगरा होता.

गुरुप्रसादने त्याच्याकडे पाहिलं.

"आयेक कळूक नाय ती कमळां कित्याक ता." तो बोटाने उंबऱ्यावरची माती खरवडत होता. "मुंबयत ऱ्हवलंय मी. माका कळला. तुमका तर आधीच म्हायत होता."

"होय," गुरुप्रसाद म्हणाला.

सिद्धेशने मान हलवली. राग आला असता तर बरं झालं असतं, पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आत कपबश्या वाजल्या तसा तो घाईने म्हणाला, "आयेक सांगू नकात."

सत्यवती चहा घेऊन आली. मुलगा बाहेर येऊन बसलेला पाहून ती क्षणभर तिथेच थबकली, मग काहीच न झाल्यासारखं दाखवत तिने कप ठेवले. थोडा चहा मात्र बशीत सांडला. कमरेचा फोन काढून तिने कविता शोधली आणि फोन गुरुप्रसादच्या हातात दिला.

"भावजी, तुमी लिवलेला तुमीच वाचा आज. तेका माझ्या तोंडान ऐकान कंटाळो इलो असतलो."

"ऱ्हवांदे ताय. तेना ऐकलेला आसा."

"तुमच्या तोंडान नाय ऐकलेला. वाचा."

त्याने सिद्धेशकडे पाहिलं. सिद्धेश खाली बघत होता. गुरुप्रसादने चष्मा कपाळावर सरकवला. 'ही झील मला फार ओळखीची वाटली,' असं तिथे लिहिलं होतं, खाली त्याचं ते सिंधुतनय हे नाव. त्याने घसा साफ केला.

"हो झील," तो म्हणाला, आणि थांबला. "हो झील माझ्या वळखीचो आसा. ल्हान होतो तेवापासून वळखतंय."

सत्यवती हसून मान डोलावू लागली.

"चवथीपासून तो गप आसा, ता माका म्हायत होता. मी येवन एकदाय तेच्याकडे बसाक नाय. हयसून सावंतवाडी काय लांब नाय. तरी येवक नाय."

सत्यवतीची मान थांबली. तिला तो मजकूर पाठ होता.

"भावजी, ह्या थंय खंय लिवलेला आसा?"

फोनचा पडदा केव्हाच काळा झाला होता.

"आसा गो आये," सिद्धेश म्हणाला. "खाली आसा, तू वाचूक नाय. तेंका वाचूक दी."

गुरुप्रसाद त्या काळ्या पडद्याकडे बघत पुढे वाचू लागला.