साडेनऊच्या आत लग्न

फ्रेसियाने लग्नाची वेळ ठरवली ती बर्फाचा रागरंग बघून. ऑक्टोबरात, म्हणजे तिकडच्या वसंतात, लोन्किमाईच्या खिंडीतला बर्फ पहाटे दगडासारखा घट्ट असतो. ऊन चढलं की त्याची लापशी होते, आणि मग सगळा उतारच खाली सुटतो. पंधरा वर्षं ती लोकांना त्या डोंगरात नेत-आणत होती. म्हणून लग्न सकाळी आठला, आणि साडेनऊच्या आत सगळे खाली.

"असं पळापळीचं लग्न आमच्या तेमुको शहरात कुणी करत नाही," निकानोर, म्हणजे होणारा नवरा, म्हणाला. तो बेकरीवाला. स्की शिकून त्याला जेमतेम दोन हिवाळे झालेले.

"मग तेमुकोतलीच कर ना एखादी!"

बर्फाखाली कुणी गाडलं गेलंच तर शोधता यावं म्हणून प्रत्येकाच्या छातीवर बीपर होता. निघण्याआधी नवरीने आठ वऱ्हाडी, नवरा आणि फादर, सगळ्यांचे बीपर स्वतः तपासले. लग्न लावणाऱ्या फादर एउसेबियोंचा बंदच होता.

"मला देव शोधेल, पोरी."

"शोधेलच, फादर. पण मला पंधरा मिनिटांत, श्वास संपायच्या आत, शोधायचंय. दाबा बटण."

खिंडीत पोचल्यावर तिने हेल्मेटवरच ओढणी बांधली. फादरांनी आदम-हव्वेपासून प्रवचनाला सुरुवात केली, तेव्हा तिची काठी बर्फावर टणकन आपटत होती. नोहा नावेत चढला तेव्हा काठी चार बोटं रुतली.

"फादर, अब्राहामला आज सुट्टी द्या! हो की नाही तेवढं विचारा!"

ते विचारायच्या आतच दोघं एकदम ओरडली, "हो!" वऱ्हाड हसून हसून बर्फात लोळायच्या बेतात. नवरीने तेवढ्यात सगळ्यांना स्कीवर उभं केलं.

वाटेत एकच धोक्याची घळ होती. तिथे एकेकाने जायचं, मध्ये थांबायचं नाही, बाकीच्यांनी नजर ठेवायची. वऱ्हाडी आणि फादर पार झाले. मग निकानोर निघाला, आणि बरोब्बर मध्यावर थांबून त्याने बायकोकडे एक मुका फेकला. त्या नादात तोल जाऊन तो पालथा पडला.

"ऊठ, गाढवा!" फ्रेसिया मागून ओरडली. "आत्ताच विधवा व्हायचं नाहीये मला!"

तो धडपडत उठला आणि पलीकडे गेला. शेवटी ती स्वतः वाऱ्यासारखी निघाली.

खाली, उतारापासून लांब, पेवेनच्या झाडांखाली एम्पानादांची, म्हणजे सारण भरलेल्या करंज्यांची, टोपली उघडली, सफरचंदाच्या आंबवलेल्या चिचाचे पेले भरले. सव्वाअकराला वरून घरघर ऐकू आली. त्या घळीतला सगळा ओला बर्फ खाली आला, झाडांपासून कितीतरी वर थांबला. घळीत कुणीच नव्हतं. निकानोरने हातातली एम्पानादा खाली ठेवली.

फ्रेसियाने माणसं मोजली. आठ वऱ्हाडी, एक फादर, एक नवरा. पुन्हा मोजली. तेवढीच भरली, तेव्हा तिला हसू फुटलं ते थांबेचना. तिने निकानोरची कॉलर धरून त्याला जवळ ओढलं, आणि अंगावर चिचा सांडत, स्कीच्या जड बुटांत दोघं ठपाठप नाचायला लागली.