स्टेजचं तोंड पूर्वेला

नेऱ्याला आमच्या क्लबचं स्टेडियम आहे. कमान लांबूनच दिसते. तिच्यावर कमलाकरशेठच्या वडिलांचं नाव सोनेरी अक्षरांत आहे आणि दोन्ही बाजूंना एकेक सिमेंटचा सिंह बसवलाय. सिंहाचा फुटबॉलशी काय संबंध, ते मला विचारू नका. मी या क्लबच्या मुलींना शिकवत होते, आणि त्या सिंहांची तोंडं आठवली की मला अजून मळमळतं.

आधी मुलींबद्दल सांगते, कारण त्यांच्याबद्दल कुणी बोलतच नाही. मी नवीन पनवेलला राहते, बँकेत नोकरी करते, आणि तरुणपणी राज्याकडून खेळलेय. हौसेने शाळेच्या मैदानावर चार मुली गोळा केल्या, त्याचा क्लब झाला. मग क्लबला अध्यक्ष हवा म्हणून कमलाकरशेठ आले, सेक्रेटरी हवा म्हणून सत्यजीत आला, आणि हे दोघे आल्यावर बाकीचे फोटोपुरते आले. पोरी मात्र खेळत राहिल्या. गेल्या मोसमात त्यांनी खालची लीग जिंकली आणि वरच्या लीगमध्ये जागा मिळवली. नेमकी त्याच वर्षी शाळेने मैदानावर नवी इमारत काढली.

लीगचा नियम साधा होता. मोसम सुरू होण्याआधी पूर्ण लांबीचं घरचं मैदान दाखवा, नाहीतर तुमची जागा खालच्या संघाला जाईल. भाविकासाठी तर ही जागा म्हणजे सगळं काही होतं. भाविका आमची कॅप्टन, नेऱ्याच्या शेतकरी घरातली, कॉलेजचं शेवटचं वर्ष. चेंडू पायाशी आला की ती मान वर करून आधी दुसऱ्यांना बघते, आणि हे शिकवून येत नाही. वरच्या लीगचे सामने बघायला निवड समितीची माणसं येतात. खालच्या लीगला फक्त कुत्री येतात. पुढच्या वर्षी तिला घरून खेळायला सोडतील याची खात्री नव्हती, आणि हे कमिटीत सगळ्यांना माहीत होतं.

मैदानासाठी पहिला माणूस आपणहून आला तो गव्हाणचा धर्मराज. त्याच्या गावचा मुलांचा क्लब आहे, मैदान गावकीचं आणि पूर्ण लांबीचं. थोडं चिखलाचं आहे, डोक्यावरून विमानं जातात, पण आहे. तो आमच्या मीटिंगला आला, चहा घेतला आणि म्हणाला, दोन क्लब मिळून वापरू. बोर्डावर दोघांची नावं असावीत आणि गव्हाणच्या मुलींनाही मी शिकवावं, एवढीच त्याची अट. मी तिथल्या तिथे हो म्हणणार होते. पण शेठ म्हणाले, विचार करून कळवतो.

धर्मराजची मोटारसायकल वळते न वळते तोच विचार करून झाला. दुसऱ्याच्या मैदानात आपण भाडेकरू म्हणून राहायचं का, असं शेठनी विचारलं आणि सगळ्या माना नाही म्हणून हलल्या. सत्यजीत आयटी कंपनीत आहे, खांदा कॉलनीत त्याचा फ्लॅट आहे आणि मैदानाला त्याचा पाय लागलेला मी पाहिलेला नाही. त्याने लॅपटॉप उघडून कुठल्यातरी परदेशी स्टेडियमचा फोटो दाखवला, आपली ब्रँड व्हॅल्यू समजावली, आणि गव्हाणच्या चिखलात आपल्या मुलींना कसं पाठवायचं म्हणून काळजी व्यक्त केली. मुलींना चिखलाचं काही नव्हतं. मुळात शेठना आपल्या नावाशेजारी धर्मराजचं नाव नको होतं, आणि हे न बोलता सगळ्यांना कळत होतं. धर्मराजला नकारसुद्धा कुणी नीट कळवला नाही.

मग शेठनी नेऱ्याची आपली जागा देऊ केली. विमानतळात जमीन जाऊन पैसे आल्यापासून त्यांनी इकडे बरंच घेऊन ठेवलंय. खोटं कशाला बोलू, मी खूश झाले. टेप घेऊन स्वतः मोजलं. पूर्व-पश्चिम लांबट तुकडा, एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला रस्ता. मैदान पुरेपूर बसत होतं आणि कडेला माणसं उभी राहण्यापुरती जागा उरत होती. त्या दिवशी मी शेठच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं होतं.

भूमिपूजनाला पळस्पे फाट्यापासून नेऱ्यापर्यंत बॅनर लागले. त्यावर कमिटीतल्या प्रत्येकाचा चेहरा होता, शेठच्या नातवाचासुद्धा, फक्त खेळणाऱ्या पोरी नव्हत्या. पोरींना सत्यजीतने नऊवारी नेसायला लावली आणि हातात शाल-श्रीफळाची तबकं दिली. पाहुणे उशिरा आले. तोवर त्या भर उन्हात रांगेने उभ्या. मी ओरडले तर सत्यजीत म्हणाला, मॅडम, फोटो छान येतील. कार्यक्रम झाल्यावर नुकत्याच सपाट केलेल्या मातीवर भज्यांच्या प्लेटा, पाण्याच्या बाटल्या आणि गुटख्याच्या लाल पिचकाऱ्या पडल्या होत्या. भाविका तबक खाली ठेवून प्लेटा उचलायला लागली. मी तिला हाताला धरून गाडीत बसवलं.

बांधकामात पहिली कमान झाली. ठीक आहे म्हटलं, पैसे त्यांचे आहेत. नंतर एक दिवस बँकेतून परस्पर गेले तर पश्चिमेच्या टोकाला, मैदानाच्या आत, लोखंडी सळया उभ्या. गोल जिथे यायला हवा तिथेच. विचारलं तर कळलं की ते स्टेज आहे. मांडवाचं तात्पुरतं नाही, पक्कं, सिमेंटचं, वर स्लॅब, मागे पाहुण्यांसाठी एसी खोली आणि टाइल्सचं बाथरूम. पोरींना कपडे बदलायची खोली कुठे आहे, हे विचारल्यावर कंत्राटदाराने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्याकडे स्विमिंग पूल मागितला.

मी शेठकडे गेले. स्टेज रस्त्याच्या बाजूला लांबीत घ्या म्हटलं. तर त्याचं तोंड दक्षिणेला येत होतं, आणि दक्षिणेला तोंड करून पाहुणे बसवायचे नाहीत असं वास्तुवाल्याने सांगितलं होतं. दुसऱ्या बाजूला ओढा. पूर्वेच्या टोकाला कमान, आणि कमानीतून शिरल्यावर पाहुणे समोर दिसायला हवेत. म्हणून स्टेज पश्चिमेच्या टोकाला आणि तोंड पूर्वेला. एकूण एक माणसाला हे पटलं होतं. इंजिनीअर असलेल्या सत्यजीतलासुद्धा.

"मॅडम, गोल थोडा फुडं घ्या," शेठ मला समजावत म्हणाले. "त्या बॉलला काय कळतंय?"

मला त्या क्षणी शिसारी आली. रागाचं नंतर बघू, आधी शिसारी. हा माणूस वाईट नाही, पोरींना बुटांचे जोड यानेच घेऊन दिले होते. त्याला खरंच वाटत होतं की स्टेडियम म्हणजे स्टेज, आणि पुढे जे उरतं ते मैदान. मी कमिटीतल्या एकेकाला फोन केले. सगळ्यांनी माझं म्हणणं बरोबर आहे असं सांगितलं आणि सगळ्यांनी मला शेठशी बोलायला सांगितलं.

उद्घाटन झालं. त्याचं वर्णन करत नाही, आणखी मळमळायला नको. पुढच्या आठवड्यात लीगचा माणूस आला. शांत गृहस्थ होता. त्याने टेप लावली, चुकलं असेल म्हणून पुन्हा लावली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला की लांबी बसत नाही. कमी म्हणजे थोडीथोडकी नव्हे, दोन मोठ्या गाड्या एकामागे एक उभ्या राहतील एवढी. सात-सात जणींचे सामने होतील, असं तो बिचारा धीर देत म्हणाला. नाहीतर स्टेज काढा, किंवा महिनाअखेरीपर्यंत दुसरं मैदान दाखवा.

त्या संध्याकाळच्या मीटिंगमध्ये मी सरळ म्हटलं, स्टेज फोडा. सगळे मोबाइलमध्ये बघायला लागले. सत्यजीत म्हणाला, आपण याकडे पॉझिटिव्हली बघू, जागा मल्टिपर्पज आहे. नंतर कळलं की हळदीसाठी आणि लग्नांसाठी बुकिंग आधीच घेतलं होतं. मैदानाला मैदान म्हणणंही त्यांनी बंद केलं होतं. आता ते लॉन होतं.

दुसऱ्या दिवशी मी गव्हाणला गेले. धर्मराज पाइप घेऊन मैदानावर पाणी मारत होता. मी सगळं सांगितलं. तो टोमणा मारेल म्हणून मी तयारी करून गेले होते, पण त्याने मारला नाही, आणि त्यामुळे मला जास्त लाज वाटली. त्याने पाइप खाली ठेवला.

"पोरींना पाठवा," तो म्हणाला. "तुमी पण या. पण तुमचा क्लब नको. त्या लोकांना आमी आता आमच्या मैदानात घेनार नाय."

म्हणजे मुलींनी गव्हाणकडून खेळायचं. गव्हाणचा मुलींचा संघ नोंदवून आमच्या संघाची जागा त्याच्या नावावर करता येते, हे मी लीगकडून पक्कं करून घेतलं. त्यासाठी एकच गोष्ट लागत होती, जुन्या क्लबच्या अध्यक्षाची सही. क्लबचं नाव मी ठेवलं होतं. चार मुली होत्या तेव्हा एका जुन्या चादरीवर स्वतः रंगवलं होतं. पोरींना सांगताना मला वाटलं, त्यांनाही वाईट वाटेल. भाविकाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मॅडम, नाव काय पन असूदे," ती म्हणाली. "आमाला खेळायला भेटेल ना?"

सहीसाठी शेठ कुठे भेटणार, तर स्टेडियमवर. त्या दिवशी तिथे कुणाची तरी हळद होती. मैदानात गालिचे, पिवळे पडदे, भल्या मोठ्या स्पीकरचे ढिगारे. आचाऱ्यांनी जिथे आमचा कॉर्नर यायला हवा होता तिथे चुली मांडल्या होत्या आणि मटण धुतलेलं पाणी ते गवतावर ओतत होते. शेठ स्टेजवर खुर्ची टाकून बसले होते. भाविका माझ्याबरोबर होती. मी त्यांना शेवटचं विचारलं. स्टेज काढलं तर संघ आपला राहील, वरच्या लीगमध्ये आपल्या नावाने खेळेल. नाहीतर इथे सही करा आणि मुली गव्हाणच्या.

त्यांनी खरंच विचार केला. ते मला मान्य करावं लागेल. एकदा स्लॅबकडे बघितलं, एकदा भाविकाकडे. भाविका मान खाली न घालता त्यांच्याकडे बघत होती. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि मांडीवर कागद ठेवून सही केली.

"पोरी काय, दरसाल नव्या येतात," ते मला म्हणाले, अगदी प्रेमाने. "पन येवढं पक्कं स्टेज पुना नाय होनार."

भाविकाने पुढे होऊन त्यांच्या हातातून कागद घेतला, सही झाली आहे ना ते नीट बघितलं, आणि स्टेजच्या पायऱ्या उतरून चालू लागली. आभार मानायला ती थांबली नाही. मीही थांबले नाही.